निगेटिव्ह कोणाकडे?

महिन्याच्या बैठकीत हिशेब झाले, चहा आला, आणि रुमाल शोधताना माझ्या शबनममधून कॅमेरा सतरंजीवर घरंगळला. रोलचा, रशियन, जवळजवळ किलोभर वजनाचा. शेजारी बसलेल्या कार्यकर्तीने तो उचलून हातात तोलला.

"ताई, बिघडलाय का हा?"

"नाही गं, चांगला चालतो."

"मग संस्थेचा?"

"नाही, माझा."

"कशासाठी पण?"

या 'कशासाठी'चं उत्तर मला पटकन सापडलं नाही, आणि जे दिलं ते खोटं होतं. मी म्हटलं, "दस्तऐवजीकरणासाठी." सगळ्या जणींनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि विषय संपला. आपल्या क्षेत्रात हा शब्द असा काही आहे की त्याच्या पदराआड काहीही लपतं.

खरं उत्तर एवढंच होतं की मला आवडतं. मी पस्तिशीची आहे, एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून नंदुरबार जिल्ह्यात काम करते, आणि माझ्याकडे रोलचे सहा कॅमेरे आणि पाच लेन्स आहेत. ते मी जमवलेत, दुरुस्त करून घेतलेत आणि वापरते. त्यातून चळवळीचं काही भलं होत नाही. व्हायलाच हवं का?

आपल्यातल्या किती जणी बिनदिक्कत सांगतात की मला अमुक एक छंद आहे? बाईच्या छंदाला घरात जागा मिळते, पण तो शेवटी कोणाच्या तरी पानात, अंगावर किंवा भिंतीवर पोचणार असला तर. लोणची, विणकाम, भरतकाम. चळवळीत आल्यावर घराच्या जागी संघटना येते आणि हिशेब तोच राहतो: गाणं म्हणायचं तर मोर्चासाठी, चित्र काढायचं तर पोस्टरसाठी. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या नावावर ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाचा गिनीज विक्रम नोंदला गेला. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, थोडा हेवाही आहे. पण त्यांना कोणी 'कशासाठी' असं त्या सुरात विचारलं असेल, असं मला वाटत नाही. माझे सहा झाले तेव्हाच आई म्हणाली, "तेवढ्यात एक मणी-मंगळसूत्र झालं असतं." मला मंगळसूत्र घालायचं नाही, हे तिला पंधरा वर्षांपासून माहीत आहे.

हे कॅमेरे आले कुठून, तेही सांगते. पहिला आत्याच्या पेटीतला आगफा क्लिक थ्री. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत जो एक कॅमेरा असायचा तो बहुधा हाच. एकशेवीसचा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो, शटरचा वेग एकच, आणि उजेडासाठी ऊन की ढग एवढंच ठरवायचं. दुसरा प्लॅस्टिकचा हॉट शॉट, तिसरा नव्वदच्या दशकातला कोडॅक के.बी. टेन, चौथा याशिका एम.एफ. टू. हे तिन्ही ओळखीच्या घरांतून फुकट मिळाले, कारण घरातला माणूस वारला आणि बायकोला कपाट रिकामं करायचं होतं. पाचवा पेंटॅक्स के थाउजंड आणि सहावा ही रशियन झेनिट, दोन्ही शहाद्याच्या एका फोटो स्टुडिओतून, तो बंद होताना. मालक जुन्या वस्तू भंगारात घालत होते. मी पेंटॅक्सचं शटर दाबून ऐकलं, लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का पाहिलं, तर म्हणाले, "साहेबांसाठी घेताय का?" मी म्हटलं, साहेब नाहीत. मग ते जरा गोंधळले आणि त्यांनी मला एन्लार्जरही भंगाराच्या भावात दिला. तो कशाचा भाव होता कोण जाणे, दयेचा की कौतुकाचा. मी घेतला.

तर सहाच्या सहा कॅमेरे पुरुषांचे होते. आत्याला मी विचारलं होतं, "तू कधी काढलास गं यानं फोटो?" ती म्हणाली, "तुझे मामा हात लावू द्यायचे नाहीत. रोल वाया जाईल म्हणायचे." बारा फोटोंचा रोल, आणि त्यातला एकही तिच्या हातून वाया जायला परवानगी नाही! तिचा अल्बम मी तीनदा पाहिलाय. आत्या प्रत्येक पानावर आहे, घाटावर, दारात, पाळण्याशेजारी. मामा जवळजवळ कुठेच नाहीत. कोणाला वाटेल, काय हे बायकोचं कौतुक! पण मामा नाहीत म्हणजे ते कॅमेऱ्याच्या मागे आहेत. आत्याने कुठे उभं राहायचं, पदर कसा घ्यायचा, हसायचं की नाही, हे सगळं ठरवणारा माणूस त्या अल्बममध्ये दिसत नाही इतकंच.

होमाई व्यारावाला हे नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. म्हणजे आपल्या नंदुरबारहून सुरतेची गाडी पकडली की पुढे जवळच. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या, नावाने. एका अनोळखी बाईच्या नावावर फोटो छापायचे कसे, असा तो काळ. पुढे त्यांनी 'डालडा १३' असं टोपणनाव घेतलं. १९४७ साल, सत्तांतर, नेहरू, हे सगळं त्यांनी टिपलं. साडी नेसून, जड कॅमेरे खांद्यावर टाकून. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि पुढची चाळीस वर्षं पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये वडोदऱ्याला त्या गेल्या. व्यवसायात इतकी वर्षं घालवलेल्या बाईची ही गत. मग ज्यांना नुसतं हौसेनं दोन फोटो काढायचे होते त्या कुठे गेल्या असतील? बहुतेक आत्यासारख्या अल्बममध्ये, समोरच्या बाजूला.

आता जरा या कामातल्या गमतीबद्दल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, पण मला तो लिहायचाच आहे.

झेनिटला बॅटरी लागत नाही. वर जाळीसारखी काच आहे, तिच्यातल्या सेलेनियमवर ऊन पडलं की काटा हलतो आणि उजेड किती ते कळतं. लेन्स अठ्ठावन्न मिलिमीटरची, हेलिओस नावाची. ती आट्यांवर बसते, बरणीच्या झाकणासारखी फिरवून काढायची. तिच्यावरची कडी फिरवली की आतली पाती मिटतात-उघडतात, भर उन्हात आपण डोळे बारीक करतो तशी. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून चामड्याच्या केसमध्ये लेन्स कधी ठेवू नये, चामडं ओल धरून ठेवतं. माझ्या लेन्स पापडाच्या स्टीलच्या डब्यात असतात, सोबत चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. रोल मी कृष्णधवल वापरते, कारण तो घरी धुता येतो. एकेकाळी आपल्या उटीच्या सरकारी कारखान्यात, हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये, 'इंदू' नावाची फिल्म निघायची. तो कारखाना आता बंद झालाय आणि मी इंग्लंडची नाही तर चेक देशातली फिल्म मागवते. धुण्याचं रसायन वीस अंशाला हवं असं पुस्तक सांगतं. ते पुस्तक लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं नंदुरबार पाहिलेलं नाही. इथे नळाचं पाणीच हाताला चटका देतं. मी माठातलं पाणी घेते. माठही वीस अंशांपर्यंत उतरत नाही, मग पाणी जितकं कोमट तितका वेळ कमी करायचा, पण फार कमी केला की फिल्म डागाळते. असा अंदाज घेत घेत तीन रोल फुकट घालवले तेव्हा हात बसला. रात्री न्हाणीघराच्या दाराच्या फटीला गोधडी लावायची, अंधारात चाचपडत फिल्म रिळावर चढवायची, टाकी बंद करायची, मग दिवा. शेवटी हायपो, भरपूर पाणी, आणि दोरीवर चिमट्याने फिल्म टांगायची. एकदा घरमालकीणबाईंनी ती उजेडात धरून नातवाला पाहिलं. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात. "अगं माय," त्या म्हणाल्या, "हा तर म्हातारा झाला!"

तीन रोल फुकट गेले, असं वर सहज लिहून गेले. बाईच्या हातून रोल वाया गेला, आणि त्याबद्दल तिला कोणी काही बोललं नाही. या छंदातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बहुधा ही असावी.

छंदाला उपयोग लागू नये, असं मी म्हणतेय. तरी एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही, आणि तो माझ्या चुकीचा आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेत होते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची बाई आमच्या केंद्रात आली, नवऱ्याने घराबाहेर काढलेली, रडून डोळे सुजलेले. तिच्याशी बोलता बोलता मी संस्थेच्या डिजिटल कॅमेऱ्याने तिचे पाच-सहा फोटो काढले. विचारलं होतं का? "काढू ना?" असं म्हटलं होतं बहुतेक. ती काय बोलणार? समोर तिची अर्ज लिहून देणारी बाई बसलेली. फोटो चांगला आला, फारच चांगला आला, आणि म्हणूनच तो अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला, खाली 'पीडित महिला' असं छापून. पुढच्या वर्षी त्याचंच मोठं पोस्टर तालुक्याच्या गावी एका कार्यक्रमात लागलं. तिच्या भावाने पाहिलं. भावाच्या सासरच्यांनी पाहिलं. त्यानंतर ती बैठकीला यायची बंद झाली. मी निरोप धाडले, उत्तर नाही. पोस्टर उतरवून घेतलं, पण अहवालाच्या प्रती गेलेल्या होत्या आणि फोटो कोणकोणाच्या संगणकात होता ते आम्हालाही सांगता येईना. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात गोपनीयतेवर मी दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. गोपनीयता म्हणजे नाव बदलणं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. नाव आम्ही छापलंच नव्हतं.

दोन वर्षांनी आठवड्याच्या बाजारात ती भेटली. आमचूर विकायला बसली होती. माझ्या गळ्यात झेनिट. मला वाटलं तोंड फिरवेल. तिने कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "अजून काढते का फोटो?" मी म्हटलं, "काढते. पण आता विचारून." ती काही बोलली नाही. बाजार उठायच्या वेळी म्हणाली, "माझा काढ. चांगला."

त्यासाठी मी पुढच्या आठवड्यात तिच्या भावाच्या घरी गेले. तिने मला दीड तास थांबवलं. न्हाली, केस विंचरले, चांदीचं सगळं अंगावर घातलं, मग म्हणाली इथे नाही, आणि मला मागच्या महूच्या झाडाखाली घेऊन गेली, कारण ते झाड तिने लावलेलं होतं. मी तिला कॅमेऱ्यातून आधी बघायला दिलं. मी उभी राहिले, ती बघत होती. रोलमध्ये छत्तीस फोटो असतात, त्यातले आठ उरले होते. मी एकच काढला. घाई करायची, पाच-सहा काढून ठेवायचे आणि नंतर निवडायचे, ही सवय या कॅमेऱ्याने मोडली होती. आणि लगेच बघायला मिळत नाही म्हणून मलाही पुन्हा जावंच लागलं.

एन्लार्जरवर प्रिंट करून घेऊन गेले. तिने ती बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "आता हा मशीनमध्ये राहिला का?" मी सांगितलं, मशीनमध्ये काही राहत नाही, या पट्टीत राहतो, आणि निगेटिव्ह काढून दाखवली. ही असली की कितीही प्रिंट काढता येतात, नसली की नाही. तिने पट्टी उन्हात धरून आपला चेहरा शोधला.

"मग हेच माझ्याकडे दे."

पट्टीत सहा चौकटी असतात. तिच्या घरातल्या विळ्याने नको म्हणून मी कात्री मागितली, ती शेजारून आणली गेली, आणि मी तिची चौकट कापून तिच्या हातात दिली. प्रिंट तिने पिशवीत ठेवली आणि निगेटिव्ह कमरेच्या बटव्यात.

हे छापायचं ठरलं तेव्हा तिला पुन्हा विचारलं. नाव नको म्हणाली, गाव नको म्हणाली, म्हणून दोन्ही नाहीत. फोटोही नाही, तो माझ्याकडे नाहीच.

तेव्हापासून मी आपल्या सगळ्यांच्या अहवालांकडे वेगळ्या नजरेने बघते. बाईचे खासगी क्षणातले फोटो चोरून काढणं २०१३ च्या कायदादुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला, त्यासाठी आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. पण आपण समोर बसून, सहानुभूतीने, हातात तिचा अर्ज धरून जे फोटो काढतो त्यांचं काय? या जिल्ह्याला ते नवीन नाही. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातलं पहिलं आधार कार्ड तिथल्या एका बाईला दिलं. तिचे फोटो देशभर छापले गेले. पुढे वर्षानुवर्षं पत्रकार तिला शोधत येत राहिले, आणि कार्डाने आपली गरिबी हटली नाही असं ती सांगते, अशा बातम्याही फोटोसकट येत राहिल्या. सरकारचा फोटो असो की सरकारवर टीका करणारा, उभी तीच. त्यातले किती फोटो तिच्या हातात पोचले असतील? शहादा परिसरात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या दिवसांत ज्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, त्यांच्याबद्दल आपण शिबिरांतून अभिमानाने बोलतो. त्या पिढीतल्या ज्या काही म्हाताऱ्या मला भेटल्या, त्यांच्या घरात त्यांचा सर्वांत जुना फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा. म्हणजे १९९३ नंतरचा, आणि तोही सरकारला हवा होता म्हणून काढलेला.

यावर दोन आक्षेप येतात, बैठकीतही आले.

एक, हा महागडा शौक आहे. आहेच. आज एका रोलची किंमत रोजगार हमीवरच्या बाईच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढी होते. त्यामुळे मी महिन्याला एकच रोल वापरते, तो माझ्या पगारातून, आणि त्याचं समर्थन करत नाही. माझे काही सहकारी तेवढे पैसे गुटख्यात घालवतात आणि त्यांना बैठकीत कोणी विचारत नाही, एवढं मात्र नोंदवते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आता मोबाइल आलाय, बायकांच्या हातात कॅमेरा आलाय, मग हे जुनं यंत्र कवटाळून बसणं म्हणजे उलटा प्रवास नाही का? अंगावरचे वळ, मोडलेलं घर, वनजमिनीवरचं पीक, यांचा पुरावा लागतो तेव्हा मी मोबाइलनेच फोटो काढते आणि प्रत्येकीला तो काढायला शिकवते. पुरावा हा पुरावा आहे, तिथे छत्तीसचा हिशेब चालणार नाही. पण आमच्या गटांतल्या बऱ्याच घरांत मोबाइल एकच आहे आणि तो मुलाच्या नाही तर नवऱ्याच्या खिशात असतो. आत्याच्या घरातल्या आगफासारखाच! शिवाय मोबाइलमधल्या फोटोची निगेटिव्ह कापून देता येत नाही. एका बाईचा फोटो एकदा पुढे गेला की तो कुठवर जातो ते आपण समुपदेशनाच्या खोलीत रोज ऐकतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. निदान काढण्याआधी तिला कॅमेऱ्यातून बघू द्यावं, छापण्याआधी पुन्हा विचारावं, प्रिंट नेऊन द्यावी, आणि ती नको म्हणाली तर अहवाल बिनफोटोचा जाऊ द्यावा. फोटोशिवाय निधी मिळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तसा अहवाल पाठवून पाहावा. आमच्या केंद्राने गेल्या वर्षी पाठवला. मुखपृष्ठावर महूचं झाड होतं. कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या बैठकीला मी कॅमेरा मुद्दाम घेऊन गेले आणि पुन्हा कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, आवडतो म्हणून बाळगते. थोडी शांतता झाली. मग एकीने सांगितलं की ती पोस्टाची तिकिटं जमवते, अकरावीपासून. नवऱ्याला वाटतं तो डबा शिवणकामाचा आहे. दुसरी म्हणाली, मला पेटी वाजवता येते. पंधरा वर्षं आम्ही एका सतरंजीवर बसतोय!

तुमच्या घरात, वडिलांच्या, सासऱ्यांच्या, मामांच्या कपाटात असा एखादा कॅमेरा पडून असेल तर बाहेर काढा. फक्त झाकण लगेच उघडू नका, आत रोल असू शकतो. आधी रोल परत गुंडाळायची कळ शोधा, हलक्या हाताने फिरवा. जड लागली तर आत फिल्म आहे असं समजा, जोर लावू नका, रोल सोडायचं बटण दाबा आणि मग सैल होईपर्यंत फिरवत राहा. आगफासारख्या चौकोनी फोटोंच्या कॅमेऱ्यात मागे लाल काचेची खिडकी असते, तिच्यात आकडा दिसला तर पुढे गुंडाळत न्या, मग काढा. वीस-तीस वर्षं पडून असलेल्या रोलवरही कधी कधी काही तरी उरलेलं असतं. माझ्याकडे पाठवलात तर मी धुऊन देईन. निगेटिव्ह तुमच्याकडे परत येईल.